राखेखालचा इंगळ आणि मांजराचं पिल्लू

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये आणि आसपासच्या गावांत बऱ्याच घरी आजही पहाटे तांब्याचा बंब पेटतो. मधल्या नळकांड्यात शेणीचे तुकडे आणि ढलप्या जळतात, जाळीखाली राख साठते. आंघोळी उरकल्या की वरचा जाळ विझतो, पण राखेखाली इंगळ कितीतरी वेळ तसाच असतो, आणि ती राखेची जागा नेमकी मांजराच्या पिल्लाच्या उंचीवर असते. घरात नवं पिल्लू आलं की दूध किती द्यायचं, भात चालतो का, याची चौकशी सगळे करतात. विस्तवाची कुणी करत नाही. कारण त्याबद्दल आपल्या मनात काही समजुती पक्क्या बसलेल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक चुकीच्या आहेत.

“मुकं जनावर असलं तरी आगीला भिणारच की!”

मोठा जाळ, धूर, तडतड आवाज यांना मांजर बिचकतं, हे खरं. पण समईची वात, पणती, मेणबत्ती किंवा गॅसची निळी ज्योत यांची उपजत भीती पिल्लाला नसते. त्याच्या लेखी ती एक हलणारी वस्तू असते, आणि हलणाऱ्या वस्तूवर पंजा टाकायचा हेच त्याचं त्या वयातलं शिक्षण.

त्याचे डोळेही त्याला इथे फसवतात. मांजराची नजर दूरच्या हालचालीला तीक्ष्ण असते, पण साधारण 25 सेंटिमीटरच्या आतलं त्याला स्पष्ट दिसत नाही. जवळची वस्तू ते नाक आणि मिशा पुढे करून चाचपतं. म्हणजे ज्योत जितकी जवळ, तितकी अंधूक, आणि तितकंच तोंड पुढे. मिशांची टोकं कुरळी किंवा आखूड झालेली दिसली, तर पिल्लू ज्योतीपर्यंत पोचलं होतं असं समजावं. मिशा पुन्हा उगवतात. पण डोळा तिथून फार लांब नव्हता.

वेळही बघा. मांजराची जात पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असते. दिवसभर लोळणारं पिल्लू नेमकं दिवेलागणीला घरभर उधळायला लागतं. त्याच वेळी देवापुढे निरांजन लागतं, कुकर चढतो, फोडणी पडते. पहाटे बंब पेटतो तेव्हाही तेच. याला लोक खोडी म्हणतात. मला तो पिल्लावर अन्याय वाटतो. त्याच्या अंगातलं घड्याळ आणि आपल्या घरातलं घड्याळ एकाच वेळी वाजतं, एवढीच ही गोष्ट आहे. म्हणून साधा उपाय असा, की स्वयंपाकाला लागण्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्याला दोरीमागं पळवावं आणि मग पोटभर खायला घालावं. खेळून, खाऊन झालेलं पिल्लू अंग चाटतं आणि झोपतं.

“पोळायला लागलं की आपोआप बाजूला होईल”

हा समज सगळ्यांत घातक आहे. माणसाच्या कातडीला साधारण 44-45 अंश सेल्सिअसला उष्णता सोसेनाशी होते. मांजर मात्र कातडी 51-52 अंशांपर्यंत तापली तरी अस्वस्थता दाखवत नाही. त्याची कातडी भाजायची ती भाजतेच, फक्त जाणीव उशिरा होते. मांजराच्या अंगाचं तापमानच मुळात 38 ते 39 अंश असतं, आणि ज्या हवेत त्याला ऊब मिळवण्यासाठी वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही ती हवा 30 अंशांच्या पुढची. डिसेंबरच्या पहाटे कोल्हापुरात पारा 15 अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी पिल्लू बंबाच्या पत्र्याला पाठ लावून बसतं, झोपतं, आणि केसांच्या आड कातडी हळूहळू भाजत राहते. अगदी लहान, तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर स्वतःच्या अंगाची ऊब राखताच येत नाही, त्यामुळे ते ऊब मिळेल तिथं सरकतं.

चुलीचंही तसंच. रात्री जेवणं झाली की वैलाजवळची जागा मांजरं धरतात. वरून पांढरी, शांत दिसणारी राख उकरली की आत लाल इंगळ निघतो, आणि पंजांच्या गाद्या भाजल्या की पिल्लू कितीतरी दिवस नीट चालू शकत नाही. बंबाच्या राखेच्या तोंडाला पत्र्याचं झाकण करून घ्यावं, चुलीतल्या राखेवर पाणी मारावं, आणि त्याला ऊब दुसरीकडे द्यावी. खोक्यात जुनं घोंगडं आणि फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एवढं पुरतं. दुसरी ऊब दिल्याशिवाय नुसतं हुसकावून काही होत नाही.

“एकदा पोळलं की शहाणं होतं”

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे माणसाचं झालं. पिल्लाला ज्या क्षणी चटका बसतो, त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी ते दुखणं जोडतं. समोर तुम्ही ओरडत उभे असाल तर ते तुम्हाला भ्यायला लागतं, ज्योतीला नव्हे. काही पिल्लं सगळ्या स्वयंपाकघराला बिचकतात आणि शेगडीखाली नाहीतर सिलिंडरमागे लपायला लागतात, म्हणजे धोका आणखी वाढतो. पाणी मारणं, चापट मारणं यानंही हेच होतं. चार महिन्यांच्या पिल्लाला विस्तव शिकवण्यापेक्षा घराची मांडणी बदलणं कितीतरी सोपं आहे. कढईचा आणि तव्याचा दांडा आत वळवावा. तळण काढताना, तांबडा रस्सा किंवा मिसळीचा कट उकळताना पिल्लू दुसऱ्या खोलीत आणि दार बंद. मांजराला उंचावरून बघायची हौस असते, म्हणून शेगडीपासून लांब, पण तुम्ही दिसाल अशा जागी एखादी फळी किंवा स्टूल ठेवलं तर ते ओट्यावर कमी चढतं.

“आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे. आता तर इंडक्शन आलं”

ज्योत बंद झाल्यावरही पितळी बर्नर आणि भांडं ठेवायची जाळी बराच वेळ तापलेली असते, आणि पिल्लाला ते दिसण्याचा प्रश्नच नाही. गॅसची नळी हे त्याचं चावायचं खेळणं होऊ शकतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणजे पिल्लाच्या नाकाच्या पातळीवर. रात्री रेग्युलेटर बंद करावा. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 वर कळवावं.

इंडक्शन आणि काचेच्या विजेच्या शेगड्यांबद्दल तर वेगळीच गोष्ट आहे. मांजर शेगडी पेटवत नाही, असं आपण धरून चालतो. दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या अग्निशमन विभागाने जानेवारी 2019 ते नोव्हेंबर 2021 या काळात मांजरांमुळे लागलेल्या 107 आगी नोंदवल्या. विजेच्या शेगडीवर उडी मारताना स्पर्शाचं बटण दाबलं गेलं, शेगडी तापली आणि वर ठेवलेल्या वस्तू पेटल्या, असा तो प्रकार होता. आपल्याकडे इंडक्शनवर वर्तमानपत्र, टोपली, पोळपाट ठेवायची सवय असते. वापर झाला की प्लग काढावा आणि वर काही ठेवू नये.

“देवापुढच्या दिव्याचं काय एवढं?”

अंबाबाईच्या या गावात नवरात्राचे नऊ दिवस घरोघरी नंदादीप अखंड तेवतो. रात्री सगळे झोपतात तेव्हाही तो जळत असतो, आणि पिल्लू जागं असतं. शेपटी पुसटशी लागली तरी दिवा कलंडतो, तेल सांडतं, शेजारी पाट, वस्त्र, फुलांची सुकलेली माळ असते. दिवा काचेच्या हंडीत ठेवावा किंवा देवघराला जाळीचं दार असावं. दिवाळीत पणत्या उंबऱ्यावर ठेवायच्या असतील तर तेवढा वेळ पिल्लू आत कोंडावं. फटाक्यांच्या आवाजानं ते सैरभैर पळतं, म्हणून तीही खबरदारी त्यातच होते.

दिव्याइतकंच लक्ष कापराकडे द्यायला हवं. कापूर मांजराला विषारी आहे. तो गिळला तर धोका आहेच, अंगाला चोळला तरी कातडीतून आत जातो. डासांच्या अगरबत्तीत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, आणि मांजराच्या यकृताला ती पचवणं जड जातं. शिवाय ती जमिनीवरच जळत असते. मच्छरदाणी लावावी.

“बाहेरचं मांजर आहे, ते आपलं बघतं”

बाहेर विस्तव जास्त असतो. गुऱ्हाळावर उंदरांच्या मागे मांजरं येतात. तिथं चुलवाण धगधगत असतं आणि काहिलीतला पाक गुळाच्या टप्प्याला 115 अंशांच्या पुढे जातो. तो केसांना चिकटला की पाण्यासारखा ओघळून जात नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती लाकडांच्या थप्प्यांची आणि शेणीच्या हुडव्याची. आडोसा, कोरडेपणा आणि शांतता असल्यामुळे मांजरी तिथं वितात. होळीसाठी रचलेला ढीग काही दिवस तसाच असतो. पहिले आठ-दहा दिवस पिल्लांचे डोळे मिटलेले असतात, ती पळू शकत नाहीत. ढीग पेटवण्याआधी हलवून, बॅटरी मारून बघावा. पालापाचोळा पेटवतानाही तेच. गल्लीतल्या पोरांना हे काम सांगितलं तर ती मनापासून करतात.

“भाजलं तर हळद लावा, बर्फ धरा”

हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, घरातलं मलम यातलं काहीही लावू नये. पिल्लू ते चाटतं, आणि जखम डॉक्टरांना दिसत नाही. बर्फानं कातडीचं नुकसान वाढतं आणि इवलंसं अंग गारठतं. केस पेटले असतील तर आधी ओला टॉवेल टाकून विझवावं. मग भाजलेल्या भागावर नळाचं गार पाणी दहा ते वीस मिनिटं हळू सोडावं, बाकीचं अंग कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं ठेवून. पिल्लू कापायला लागलं तर थांबावं. गरम तेल किंवा आमटी केसांत धरून राहते, म्हणून पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे. नंतर ओलं स्वच्छ फडकं ठेवून थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे. केसांमुळे भाजल्याच्या खुणा लगेच दिसत नाहीत, खरी जखम दोन-तीन दिवसांनी उघडी पडते. वेदनेनं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर तुमची जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

दुखतंय म्हणून माणसांची गोळी कधीच देऊ नका. मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. एक किलोच्या पिल्लाला 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडाही जीवघेणा ठरू शकतो. पिल्लानं वायर चावली असेल तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ते नंतर चांगलं दिसलं तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं.

“आग लागली तर मांजर आधी बाहेर पळेल”

मोठं मांजर कदाचित पळेल. पिल्लू पलंगाखाली, कपाटामागे, अंथरुणाच्या घडीत दडतं आणि हाक मारली तरी येत नाही. ते एरवी कुठं लपतं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि त्याला शोधायला कुणीही, विशेषतः मुलांनी, परत आत जायचं नाही हे आधीच बजावून ठेवा. बाहेर येऊन 101 ला फोन करा आणि जवान आले की लपायची जागा त्यांना सांगा. धुरातून निघालेलं पिल्लू अंगावर जखम नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धुरानं झालेला त्रास दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात.