परम शिवायची सबुरी

वाराणसीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातल्या आयआयटीत एक पुणेकर राहतो. नाव परम शिवाय. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला हा पहिला महासंगणक. पुण्याच्या सी-डॅकने तो रचला आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ निघाला, त्याच घराण्यातला हा. कमाल वेग ८३७ टेराफ्लॉप.

हा आकडा ऐकून गेमिंगवेडे पोर विचारणार, ‘रॅम कितीला ओव्हरक्लॉक केलीय?’ म्हणजे ठरल्या वेगापेक्षा किती जास्त पळवलीय? उत्तराने ते हिरमुसेल. डीडीआर४, २६६६. त्याच्या घरी ३६०० ची आहे!

पण पाकिटावरचा तो आकडा फक्त ओघ सांगतो. मागितलेली माहिती यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, ते ‘सीएल’वरून कळते. हिशेब पाटीवरचा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. जुनी डीडीआर-४००, सीएल २: दहा नॅनोसेकंद. डीडीआर४-३२००, सीएल १६: दहा. डीडीआर५-६०००, सीएल ३०: पुन्हा दहाच! वीस वर्षांत ओघ पंधरापट झाला, ताटकळणे तेवढेच राहिले. २६६६ वर सीएल १९ धरला, तर हे सव्वाचौदा होते.

ताटकळायचे कारण साधे आहे. प्रत्येक बिट म्हणजे चिमुकल्या कपॅसिटरमधला किंचितसा विद्युतभार. तो ओळखायला वेळ लागतो आणि घाई केली की शून्याचा एक वाचला जातो. म्हणून ओव्हरक्लॉक करणारे १.२ व्होल्टचे १.३५ करतात. ओळख लवकर पटते खरी, पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणजे इथे साधारण पाव पट जास्त. शिवाय कपॅसिटर गळके. दर ६४ मिलिसेकंदांत ते पुन्हा भरावे लागतात, आणि चिप ८५ अंशांपुढे तापली की दुप्पट वेळा. भरणे चालू असताना वाचन बंद. कमावलेली घाई अशी उष्णतेत विरते. (बनारसच्या जूनमध्ये एसी नसलेल्या खोलीत हा प्रयोग करणाऱ्याचे धाडस मोठे.)

घरी बिट चुकला तर फार तर पडदा निळा होईल, पोर चडफडत पुन्हा सुरू करेल. परम शिवायवर कित्येक नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक, मिळून एकच गणित सोडवतात. तिथे चुकलेला बिट गुपचूप उत्तरात जाऊन बसला तर? म्हणून सर्व्हरच्या मेमरीत दर ६४ बिटांमागे आठ बिट राखणदार असतात. एक चूक ते दुरुस्त करतात, दोन झाल्या तर निदान ओरडतात.

मग वेग आणायचा कुठून? वाटा वाढवून. एका प्रोसेसरला मेमरीच्या सहा वाटा, प्रत्येकीतून सेकंदाला २१.३ गिगाबाइट, आणि नोडमध्ये असे दोन प्रोसेसर. म्हणजे सुमारे २५६. पोराच्या ३६०० वाल्या दोन वाटांचे होतात ५७.६.