‘ऐकीव’ म्हणजे काय, आणि कट शाबीत कसा होतो

भिवंडीजवळच्या सोनाळे गावात ६ मार्च २०१४ रोजी राहुल गांधींची प्रचारसभा झाली. गांधीहत्येचा संबंध संघाशी जोडणाऱ्या त्यातल्या विधानावरून संघाच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने भिवंडीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बदनामीची फिर्याद केली. सगळ्या देशाने टीव्हीवर ऐकलेलं भाषण, त्यात शाबीत काय करायचं, असं कुणालाही वाटेल. पण राहुल यांनीच आपल्या एका जुन्या याचिकेला जोडलेला भाषणाचा मजकूर पुरावा म्हणून दाखल करून घेण्याचा भिवंडी कोर्टाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. आरोपीने जोडलेला कागदही आपोआप शाबीत होत नाही.

या वादाच्या मुळाशी असलेला गांधीहत्येचा खटला हा ऐकीव पुरावा आणि कट या दोन्हींबद्दलचे गैरसमज तपासायला फार उपयोगी आहे. दुर्दैवाने त्याच्याबद्दल आपल्याकडे बोललं फार जातं, वाचलं कमी जातं.

पहिला गैरसमज: ऐकलेली गोष्ट कोर्टात चालतच नाही. खटल्यातला माफीचा साक्षीदार होता दिगंबर बडगे, पुण्यात शस्त्रभांडार चालवणारा. त्याने लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात सांगितलं, की १७ जानेवारी १९४८ ला आपण दादरच्या सावरकर सदनात खाली थांबलो, सहआरोपी आपटे आणि नथुराम गोडसे वर जाऊन आले, आणि त्यांच्या मागून आलेले सावरकर म्हणाले, ‘यशस्वी होऊन या.’ परतताना टॅक्सीत आपटेने सांगितलं, की गांधींची शंभर वर्षं भरली असं भाकीत तात्यारावांनी, म्हणजे सावरकरांनी, केलं आहे.

दोन्ही वाक्यं बडगेने कानांनीच ऐकली. तरी कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठं अंतर आहे. पहिलं वाक्य बोललं गेलं की नाही, याची बडगेची साक्ष थेट आहे. त्यावर त्याची उलटतपासणी होऊ शकते. त्या वाक्याचा रोख कशाकडे होता, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या वाक्याबाबत बडगे एवढंच सांगू शकतो, की आपटे असं म्हणाला. सावरकर खरोखर तसं म्हणाले, हे त्यावरून ठरवायला गेलं की ती साक्ष ऐकीव होते. म्हणजे काय ऐकलं याइतकंच, त्यातून काय शाबीत करायचंय, हेही पाहावं लागतं.

कटात एकाचं बोलणं दुसऱ्याला लागू पडतंच, असंही सरसकट मानलं जातं. साक्ष कायद्याचं जुनं कलम १०, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमातलं कलम ८, तशी वाट देतं खरं. पण आधी दोघेही कटात होते असं मानायला वाजवी कारण लागतं, आणि ते कारण त्याच वाक्यातून काढता येत नाही. शिवाय बोलणं समाईक हेतूला धरून असावं लागतं. कट संपल्यावर, पकडलं गेल्यावर एकाने दिलेला जबाब या कलमाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४० मध्येच मिर्झा अकबर खटल्यात ठरवलं.

केवळ माफीच्या साक्षीदाराची आहे म्हणून साक्ष ऐकीव ठरत नाही. तो गुन्ह्यातला भागीदार असल्याने तिला दुजोरा हवा, एवढंच. न्यायाधीश आत्माचरण यांना बडगे एकंदरीत विश्वासार्ह वाटला. सावरकरांपुरता मात्र स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून १० फेब्रुवारी १९४९ ला ते निर्दोष सुटले. सरकारने त्यावर अपील केलं नाही.

इतरांबाबत दुजोरा होता. कटाचा करारनामा कुणी लिहून ठेवत नाही. तो वागण्यातून उलगडतो. खोट्या नावांनी केलेला विमानप्रवास, दिल्लीच्या मरीना हॉटेलात ‘देशपांडे’ म्हणून केलेली नोंद, तिथे धुवायला टाकलेल्या कपड्यांवरची एन.व्ही.जी. ही नथुरामची आद्याक्षरं, २० जानेवारीला बिर्ला भवनात सहआरोपी मदनलालने केलेला स्फोट. सुटे पाहिले तर हे तपशील अपुरेच, एकत्र ठेवले की त्यांतून कट दिसतो.

अपिलात खटला नव्याने चालतो, हाही समज खरा नाही. मुख्यतः आधीचेच कागद आणि साक्षी तपासल्या जातात. नवा पुरावा अपवादाने. सिमल्यात पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे नथुरामने आपली बाजू स्वतः मांडली. खुनाबद्दलच्या फाशीला त्याने आव्हान दिलंच नाही. कट नव्हता, कृत्य माझं एकट्याचं, एवढाच त्याचा आग्रह. जून १९४९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, पण डॉ. परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या या दोन आरोपींना सोडलं. कट शाबीत झाला तरी प्रत्येकाचा त्यातला सहभाग वेगळा शाबीत करावा लागतो.

उरला चौकशी आयोगांच्या अहवालांचा मुद्दा. मे १९७० च्या भिवंडी दंगलीवरचा मादन आयोगाचा अहवाल असो की गांधीहत्येवरचा कपूर आयोगाचा, निकाल म्हणून त्यांचे दाखले देणं चूक आहे. आयोग कुणाला दोषी ठरवू शकत नाही. कपूर आयोगाने सावरकरांच्या अंगरक्षकाच्या आणि चिटणिसाच्या १९४८ मधल्या जबान्यांची दखल घेतली. त्या पोलिसांपुढे दिलेल्या होत्या. खटल्यात त्या दोघांनाही साक्षीला बोलावलंच गेलं नव्हतं, त्यामुळे कुणी त्यांची उलटतपासणीही घेऊ शकलं नाही.