मासेमारीची होडी वल्हविण्याची रीत

मासेमारीच्या धंद्यात जाळ्याविषयी जितकी चौकशी होते तितकी वल्ह्याविषयी होत नाही. भोई व कोळी कुटुंबांतील मुलांना वल्हविण्याची विद्या बापाच्या होडीत बसून लहानपणीच येते. शेतीला जोडधंदा म्हणून मासेमारीत नव्याने उतरणाऱ्यास मात्र ती कोणी मुद्दाम शिकवीत नाही. तो जाळे घेतो, होडी घेतो आणि दोन दिवसांत आपोआप जमेल अशा भरवशावर पाण्यात उतरतो. होडी पुढे जाते हे खरे, पण ती वाकडीतिकडी जाते, तासाभरात हाताला फोड येतात आणि वारा सुटला म्हणजे होडीचे तोंड कोठे वळवावे हे कळत नाही.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीच्या जागी मैलोगणती पसरलेला जलाशय तयार झाला. नदीत होडीला प्रवाह सांभाळावा लागे. आता जलाशयाच्या पसाऱ्यात वारा सांभाळावा लागतो, आणि फुगवट्याच्या वरच्या अंगास, पावसाळ्यात पाणी वाहते झाले म्हणजे, दोन्ही सांभाळावे लागतात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी ह्याच जलाशयात कुगाव व कळाशी ह्या गावांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटली व ६ जण बुडाले. तशा वाऱ्यापुढे कोणाचेही कौशल्य पुरे पडत नाही. वळवाचे ढग दिसताच काठ गाठता आला पाहिजे, आणि इंजिन ऐन वेळी बंद पडले तर काठ गाठून देणारी वस्तू वल्हे हीच होय.

प्रथम वल्ह्याच्या मापाकडे पाहावे. आखूड वल्ह्याने माणूस दमतो व होडी हलत नाही. फार लांब वल्हे वाऱ्यात आवरत नाही. दोन्ही काठांवरील खुंट्यांमधील अंतर मोजून त्याचे निम्मे करावे व त्यात २ इंच मिळवावे. वल्ह्याचा इतका भाग होडीच्या आत राहावयास हवा. ह्या आकड्यास २५ ने गुणून ७ ने भागले म्हणजे वल्ह्याची एकूण लांबी येते. उदाहरणार्थ, खुंट्यांमधील अंतर ४ फूट असल्यास आतील भाग २६ इंच व पुरे वल्हे सुमारे पावणेआठ फूट होते. ह्या मापाने दोन्ही मुठी मध्यावर एकमेकींवर थोड्या चढतात. त्यासाठी एक हात नेहमी किंचित वर ठेवण्याची सवय करावी, नाहीतर बोटांची साले निघतात.

खुंटी बसण्याच्या फळीच्या पायाकडील कडेपासून सुमारे १ फूट अंतरावर असावी. वल्हे खुंटीच्या मागील टोकाकडच्या अंगास ठेवून दोरीच्या कड्याने अडकवावे, म्हणजे ओढीचा सारा जोर लाकडी खुंटीवर येतो व दोरी झिजत नाही. दांडा जेथे घासतो तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळल्यास वल्हे बरीच वर्षे टिकते.

वल्हविणारा होडीच्या मागील टोकाकडे तोंड करून बसतो, म्हणजे ज्या दिशेस जावयाचे तिकडे त्याची पाठ असते. नवशिक्याला हेच विचित्र वाटते व तो सारखा मान वळवून पाहतो. मान वळली की एक हात ढिला पडतो आणि होडी वळते. ह्यावर जुना उपाय आहे. निघतानाच होडी नेमक्या दिशेस लावावी व मागे सुटणाऱ्या काठावरील दोन वस्तू हेराव्यात. एक पाण्याजवळची, जसे एखादे बाभळीचे झाड, आणि दुसरी त्याच्या बरोबर मागे दूरवरची, जसे देवळाचे शिखर किंवा विजेचा खांब. जोवर ही दोन्ही एका रेषेत दिसतात तोवर होडी सरळ चालली आहे असे समजावे. मान मधून मधून, दहा-बारा ओढींनंतर एकदा, वळविली म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष ओढ. पाय समोरच्या आडव्या पट्टीस घट्ट टेकलेले असावेत. अंग कमरेतून पुढे झुकवावे, हात सरळ ठेवावेत व पाते उभे धरून पाण्यात सोडावे. पाते नुकते बुडेल इतकेच खाली जावे. खोल घातलेले वल्हे पाणी उपसते, होडी ढकलीत नाही. मग पायांनी रेटा देत पाठ मागे न्यावी, आणि पाठ उभ्या रेषेच्या थोडी मागे गेली की शेवटी हात छातीकडे ओढून घ्यावेत. बहुतेकांची चूक येथेच होते. ते आरंभापासून केवळ दंडाच्या बळावर ओढतात. दंड लवकर थकतात, पाय व पाठ थकत नाहीत. ओढ संपताच मुठी खाली दाबून पाते बाहेर काढावे, मनगट वळवून ते आडवे करावे व पाण्याला न लागता परत न्यावे. समोरचा वारा असताना उभे पाते परत नेणे म्हणजे वाऱ्याला हातात धरून नेणे होय.

पाते पाण्यात तिरके शिरले किंवा जलपर्णीत अडकले तर ते एकाएकी खाली ओढले जाते व मूठ छातीवर आदळते. अशा वेळी झुंजू नये. पकड सैल सोडून दुसरे वल्हे पाण्यात उभे धरावे. होडी थांबली की अडकलेले वल्हे सहज निघते.

पाते पाण्यात उभे धरले की होडी थांबते. मुठी छातीपासून दूर ढकलल्या की ती मागे सरकते. जागच्या जागी वळण्यासाठी एक वल्हे ओढावे व दुसरे ढकलावे. हा सराव पहिले आठ दिवस, होडी २०-२५ फूट दोराने काठाला बांधून, सकाळच्या निवांत पाण्यात करावा. पोहता येत नसेल त्याने ते आधी शिकावे.

वाहते पाणी आडवे ओलांडताना होडीचे तोंड थेट पैलतीराकडे ठेवल्यास ती खाली वाहून जाते. तोंड तिरके, प्रवाहाच्या उगमाकडे ठेवावे व नेमाने वल्हवावे, म्हणजे होडी समोरच्या काठास बरोबर लागते. प्रवाहाविरुद्ध जाताना वळणाच्या आतील बाजूने काठालगत जावे, तेथे ओढ कमी असते. वारा वाढला तर लाट आडवी घेऊ नये. नाळ लाटेच्या समोर, किंचित तिरकी धरावी व काठ गाठावा, मग तो काठ आपल्या गावाचा नसला तरी चालेल.

जाळे काढताना होडीवरील ताबा सर्वांत अधिक लागतो. एकाने जाळे ओढावे, दुसऱ्याने वल्ही धरून नाळ वाऱ्यास समोर ठेवावी. पुष्कळ ठिकाणी पती जाळे ओढतो व पत्नी वल्ही सांभाळते. अशा जोडीचे काम पाहिले म्हणजे होडी पाण्यावर खिळल्यासारखी वाटते. दोघांनी एकाच अंगास वाकू नये. बुडालेल्या झाडांत वा जुन्या भिंतींत जाळे अडकले तर ते बाजूने न ओढता नाळेवरून ओढावे, आणि कोयता हाताशी ठेवावा. जाळ्याचे दोन हात कापले गेले तर ते पुन्हा विणता येतात.

होडीत प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट, पाणी उपसण्यास डबा व एक जादा वल्हे असावे. पत्र्याच्या होडीत फळ्यांखाली झाकण घट्ट बसविलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधावेत, कारण पाणी भरल्यावर पत्रा तरंगत नाही. होडी उलटली तर तिला धरून राहावे. काठ जवळ दिसला तरी पोहत निघू नये, पाण्यावरून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. काम आटोपल्यावर वल्ही उन्हात न टाकता सावलीत आडवी ठेवावीत, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांना जवसाचे तेल द्यावे.