अंतिम प्रकल्पासाठी ड्रॅगन हवा की पोदेर?

हैदराबादच्या दिलसुखनगर मेट्रो स्थानकातून खाली उतरताच नजर फलकांवर खिळते. स्पर्धा परीक्षा, संगणकाच्या भाषा, बँक भरती, इंग्रजी संभाषण. शिकवणी वर्गांच्या या दाटीत अ‍ॅनिमेशन शिकविणाऱ्या संस्थाही आहेत. तेथील विद्यार्थ्यांसमोर शेवटच्या सत्रात जो प्रश्न उभा राहतो, तोच गोव्यातून बाहेर पडून हे शिक्षण घेणाऱ्यांसमोरही असतो: अंतिम प्रकल्प कशावर करावा? या क्षेत्रात नोकरी देणारा गुणपत्रिकेपेक्षा विद्यार्थ्याची चित्रफीत पाहतो, तीही अनेकदा पहिली काही सेकंदेच. पालकांनी भरलेले शुल्क आणि वसतिगृहात काढलेली वर्षे त्या सेकंदांवर पणाला लागतात.

बहुतेकांचा पहिला विचार भव्यतेचा असतो. युद्ध, ड्रॅगन, आकाशात तरंगणारे नगर. येथे थोडे गणित मांडून पाहावे. एका सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे तीन मिनिटांच्या चित्रपटाला 4,320. एक चौकट अंतिम रूपात तयार होण्यास संगणकाला दहा मिनिटे लागली, तर एकाच यंत्रावर 720 तास, म्हणजे अखंड तीस दिवस जातात. पात्र घडविणे, त्याचा सांगाडा बसविणे आणि त्याला हालविणे हे सारे त्याआधीचे. दीड मिनिटाच्या कथेला हाच काळ निम्मा लागतो. अपुऱ्या राहिलेल्या महायुद्धापेक्षा पूर्ण झालेली दीड मिनिटे केव्हाही चांगली.

मात्र लहान म्हणजे किरकोळ नव्हे. 2012 साली प्रदर्शित झालेल्या एस. एस. राजामौली यांच्या ‘ईगा’ या तेलुगू चित्रपटाचा नायक मृत्यूनंतर माशी होऊन परततो. ही माशी बोलत नाही. तिचा राग, तिची खोडी, तिचा निश्चय सारे अंगविक्षेपांतूनच कळते. हैदराबादच्याच ‘मकुटा’ या संस्थेने ती पडद्यावर उभी केली आणि त्या कामाला विशेष दृश्यपरिणामांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवाद काढून घेतल्यावरही पात्राला काय हवे आहे हे प्रेक्षकाला कळते का, हीच विषयनिवडीची पहिली कसोटी मानावी.

विद्यार्थ्यांच्या कामातील उदाहरण हवे असेल, तर जर्मनीतील लुडविग्सबर्गच्या चित्रपट अकादमीत याकोब फ्राय यांनी पदवीसाठी केलेला ‘द प्रेझेंट’ (2014) पाहावा. कथा फाबिओ कोआला यांच्या चित्रकथेवरून घेतलेली, लांबी सुमारे चार मिनिटे. व्हिडिओ गेममध्ये गढलेल्या मुलाला आई कुत्र्याचे पिल्लू आणून देते. त्याला एक पाय नाही हे दिसताच मुलगा त्याला झिडकारतो. मुलगा स्वतः कुबड्यांवर चालतो, हे प्रेक्षकाला अगदी शेवटी कळते. बव्हंशी एकच घर, मोजकी पात्रे. धडपडत चेंडूमागे धावणाऱ्या त्या पिल्लाच्या चालीत किती निरीक्षण आहे, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

हे निरीक्षण गोमंतकीय विद्यार्थ्याला दूर शोधावे लागत नाही. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर घ्या. टोपली भरलेली असताना वळणावर सायकल जड झुकते, हँडल घट्ट धरावे लागते. पाव संपल्यावर तीच सायकल हलकी होते आणि माणसाचे खांदेही सैल पडतात. वजनाचा हा फरक दाखविता येणे हे पात्र-अ‍ॅनिमेशनचे अर्धे शास्त्र होय. त्यात एखादे दार जोडावे: नेहमी उघडणारे, आज न उघडलेले. पोदेर थांबतो, पुन्हा भोंगा वाजवितो, वाट पाहतो. कथा सुरू झाली. ड्रॅगन चालताना कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याची चाल दुसऱ्याच्या चित्रपटातूनच उचलली जाते, आणि परीक्षकाच्या सरावलेल्या डोळ्याला ती उसनवारी लगेच दिसते.

ज्याला केवळ हालचालींचे काम करायचे आहे त्याने तयार पात्र वापरण्यास हरकत नाही; श्रेयनामावलीत मात्र तसे स्पष्ट लिहावे. गटात काम केल्यास कोणते दृश्य कोणाचे, हेही नोंदवावे. मॉडेल घडविण्यापूर्वी साध्या रेखाटनांची कच्ची चित्रफीत जुळवून ती या विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला, वसतिगृहाच्या खानावळवाल्यालाही, आवाज बंद करून दाखवावी. पाहून झाल्यावर त्याने “तो पाववाला कोणाची वाट पाहत होता?” असे विचारले तर काम पुढे न्यावे, “हा काय करतोय?” असे विचारले तर कागदाकडे परतावे.