पाच वर्षांची फेलोशिप आणि माशीचे दहा दिवस

जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो: नेट निघाली का? सीएसआयआर-यूजीसीची ही परीक्षा अवघडच आहे. जीवशास्त्राचा २०० गुणांचा पेपर, १३ घटकांचा अभ्यासक्रम आणि वर निगेटिव्ह मार्किंग. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये, पुढे कामाचा आढावा घेऊन एसआरएफचे (सिनिअर रिसर्च फेलोशिपचे) ४२ हजार. जानेवारी २०२३ पासूनचे हे दर. घरभाडे भत्ता वेगळा. फेलोशिपची एकूण मुदत पाच वर्षे.

पण जेआरएफ म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश नव्हे. पुण्यातली आयसर असो, एनसीसीएस असो की बंगळुरूची एनसीबीएस, कुठल्याही संशोधन संस्थेत मुलाखत द्यावीच लागते. तिथे उमेदवार गाइडचे नाव आणि पेपर पाहतो. गाइड कोणत्या सजीवावर काम करतो, याचा वेळेच्या दृष्टीने विचार फार थोडे जण करतात.

ई. कोलाय जिवाणू पोषक माध्यमात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी फसलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येतो. फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सिअसला दहा दिवसांत तयार होते, पण संकर करायचा तर कोषातून बाहेर पडलेली मादी सुमारे आठ तासांच्या आत नरांपासून वेगळी करावी लागते. एकदा मीलन झाले की ती शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढच्या पिल्लांचा बाप कोण, हे सांगता येत नाही. म्हणून माश्यांच्या लॅबमधल्या विद्यार्थ्याला रविवारीही सकाळ-संध्याकाळ हजेरी लावावी लागते.

उंदराची एक पिढी जवळपास तीन महिन्यांची. तीन पिढ्यांचा संकर म्हटला की पाऊण वर्ष गेले. त्याआधी प्राणी नैतिकता समितीची परवानगी. आणि सह्याद्रीतल्या बेडकांच्या प्रजननावर काम करणाऱ्याचा एक पावसाळा हुकला, तर थेट पुढच्या जूनची वाट पाहायची.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. म्हणजे फेलोशिप संपली तरी प्रबंध राहिलेला असू शकतो. ते सहावे वर्ष कोणाच्या पैशावर काढायचे, हे प्रवेशाआधीच विचारायला हवे. काही लॅब प्रकल्पातून मानधन देतात, काही नाही.

मन पक्के नसेल तर आधी प्रोजेक्ट असोसिएट म्हणून वर्षभर काम करून पाहणे शहाणपणाचे. प्रकल्प संपला की पद संपते, हे मात्र धरून चालावे.

मुलाखतीला गेलात की कॅंटीनमध्ये सिनिअरांना गाठा. गाइड समोर नसताना तीन गोष्टी विचारा: मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, पाचव्या वर्षानंतर पैसे कुठून आले, आणि मधेच सोडून कोण गेले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले, तर दुसरी लॅब बघा.