सादोची सुवर्णखाण व जपानांतील कोबान नाणीं

जुन्या नाण्यांचा संग्रह करणारांस वजन व रंग हीं दोन प्रमाणें बहुधा पुरेशीं वाटतात. जपानांतील ‘कोबान’ नांवाच्या सुवर्णनाण्याच्या बाबतींत मात्र हीं दोन्ही फसवीं ठरतात. आणि फसविणारा कोणी चोरटा टांकसाळवाला नसून खुद्द सरकार होतें.

सेकिगाहाराच्या लढाईंत (१६००) विजयी झाल्यावर तोकुगावा इएयासु यानें मुख्य खाणी खास आपल्या अमलाखालीं आणिल्या. त्यांत सादो बेटावरील आइकावाची खाण प्रमुख होय. नाणीं पाडण्याचें काम ‘किंझा’ या टांकसाळीकडे असून तिचा अधिकार गोतो घराण्यांत वंशपरंपरेनें चाले. पेशवाईंत टांकसाळी मक्त्यानें देत, त्या रीतीशीं हें ताडून पाहण्याजोगें आहे. १६०१ पासून पाडलेली केइचो कोबान लांबट व पातळ असे. वजन सुमारें १७.८ ग्रॅम, म्हणजे आपला दीड तोळा, आणि सोनें शेंकडा सुमारें ८५, बाकी रुपें.

पुढें खाण खोल गेली, पाणी भरूं लागलें, उत्पन्न घटलें. १६९० मध्यें सादोचा कारभार ओगिवारा शिगेहिदे याजकडे आला. त्यानें पाणी काढण्याकरितां डोंगरांतून बोगदा खणविला. तें काम १६९१ पासून १६९६ पर्यंत चाललें. तें पुरें होण्यापूर्वींच, १६९५ सालीं, त्याच गृहस्थानें नवें नाणें काढविलें. वजन पूर्वीचेंच, सोनें मात्र शेंकडा सुमारें ५७! इतक्या रुप्यानें नाणें फिकें दिसावयाचें. म्हणून त्यावर क्षारांचा लेप देऊन तें निखाऱ्यावर तापवीत, त्यायोगें पृष्ठभागावरील रुपें निघून जाई व वर पिवळें सोनेंच दिसे. जुन्या शंभर नाण्यांस नवीं एकशें एक देण्याचें ठरलें. लोकांनीं जुनीं दडवून ठेविलीं, यांत नवल नाहीं.

ओगिवारास केवळ लबाड म्हणणें आम्हांस पटत नाहीं. व्यापार वाढला होता, चलन अपुरें होतें, आणि राज्याचा खर्च थांबणारा नव्हता. १७१० मध्यें कस पुन्हां सुधारला, पण वजन जवळजवळ निम्में केलें. अखेर आराई हाकुसेकीच्या आग्रहानें १७१२ सालीं ओगिवारास काढून टाकण्यांत आलें आणि १७१४ पासून केइचोच्या धर्तीचें नाणें पुन्हां सुरू झालें.

संग्राहकांनीं प्रथम नाणें उलटें करून पाहावें. १६९५ च्या नाण्याच्या पाठीवर ‘गेन’ हें अक्षर उमटविलेलें असतें. केइचो व १७१४ चीं नाणीं यांवर असें वर्षाक्षर नाहीं. त्यांचा निवाडा इतर बारीक खुणांवरूनच करावा लागतो.