इंधनटंचाई व रोजगार

मंदी ओसरून उत्पादन व व्यापार पुन्हा वाढू लागले, की इंधनाची मागणी त्याच्या पुरवठ्यापेक्षा लवकर वाढते. त्यातून उद्भवणारी भाववाढ व तुटवडा आणि त्यांचा रोजगारावर होणारा परिणाम हे व्यापारचक्रातील पुनरुज्जीवन या अवस्थेचे एक महत्त्वाचे अंग होय. मंदीत खाणी व तेलविहिरी यांमधील गुंतवणूक आखडलेली असते व साठे घटविलेले असतात. बंद ठेवलेली खाण वा विहीर पूर्ववत चालू होण्यास अवधी लागतो. वाहने, कारखाने व शेतीची यंत्रे मात्र जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे विकण्याजोगा माल हाती असणाऱ्यांना पुनरुज्जीवनाचा लाभ प्रथम मिळतो, तर मजुरीवर जगणाऱ्यांच्या वाट्यास महागाई आधी व काम मागाहून येते.

पूर्वानुभव : ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर अशोधित तेलाचा भाव पिंपामागे सु. ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. १९७२-७३ च्या तीव्र दुष्काळातून सावरू पाहणाऱ्या महाराष्ट्राला हा दुसरा आघात होता. ग्रामीण भागातील काम केवळ हंगामावर व बाजारावर सोपविता येत नाही, हा या काळाचा धडा ठरला. महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

करोना साथीनंतरची स्थिती : एप्रिल-जून २०२० या तिमाहीत भारताचे स्थूल उत्पादन जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटले. भारत खरेदी करीत असलेल्या अशोधित तेलाचा सरासरी भाव एप्रिल २०२० मध्ये पिंपामागे सु. २० डॉलर होता. मे २०२० मध्ये केंद्र शासनाने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १० रु. व डीझेलवरील १३ रु. वाढविल्यामुळे या स्वस्ताईचा लाभ ग्राहकास मिळाला नाही. पुढे मागणी वाढली. तेलउत्पादक राष्ट्रांनी कपात केलेले उत्पादन मात्र टप्प्याटप्प्यानेच पूर्ववत केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डीझेल लिटरला १०० रुपयांपलीकडे गेले आणि युक्रेनमधील युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये अशोधित तेलाचा सरासरी भाव सु. ११३ डॉलर झाला.

दगडी कोळशाच्या बाबतीत हेच घडले. विजेची वाढती मागणी, खाणक्षेत्रातील अतिवृष्टी, आयात कोळशाची महागाई व अपुरे साठे यांमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला वीज पुरविणारे १३ औष्णिक संच बंद पडून ३,३३० मेगॅवॉटची तूट आली. त्यांत पारस (जि. अकोला) येथील २५० मेगॅवॉटचा एक व अमरावती येथील खाजगी केंद्राचे प्रत्येकी २७० मेगॅवॉटचे तीन संच होते. सकाळी व सायंकाळी ६ ते १० या वेळात वीज जपून वापरण्याचे आवाहन महावितरण कंपनीस करावे लागले.

वऱ्हाडातील परिणाम : अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्याचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील भूजल खारे असल्याने विहिरीवरील ओलितास मर्यादा पडतात व कापूस, सोयाबीन, तूर ही पिके मुख्यतः पावसावर घेतली जातात. त्यामुळे येथे इंधनाचा खर्च पाणी उपसण्यापेक्षा नांगरणी, मळणी व मालाची वाहतूक यांवर अधिक होतो. हा खर्च पीक येण्यापूर्वीच करावा लागतो. पाऊस चुकला तरी तो टळत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ५,७२६ रु. होता. मात्र ज्यांना माल साठवून ठेवणे शक्य होते, त्यांनाच या तेजीचा पुरता लाभ मिळाला. देणी भागविण्यासाठी हंगामाच्या आरंभीच कापूस विकणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या हाती त्याचा अल्प अंशच आला. वेचणीची मजुरी किलोमागे ठरते व ती प्रामुख्याने स्त्रियांना मिळते. बाजारभाव चढला म्हणून ती त्याच प्रमाणात चढत नाही. बोंडे कमी असली, तर दिवसाची कमाईही घटते. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतील कामही हंगामी असते. त्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होत असल्याने विजेची टंचाई त्याच वेळी आल्यास तेथील रोजगारालाही धोका पोहोचतो.

रोजगाराचे स्वरूप : देशातील एकूण कामकऱ्यांत शेतीवरील कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२·५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६·५ टक्के झाले. शहरातून परतलेल्यांना गावाने सामावून घेतले असे यावरून दिसत असले, तरी तेच काम अधिक हातांत वाटले जाणे म्हणजे रोजगारवृद्धी नव्हे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०२०-२१ मध्ये सु. ३८९ कोटी मनुष्यदिवस काम पुरविण्यात आले. कामाची गरज किती तीव्र होती, हे त्यावरून दिसते.

उपाय : केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ५ रु. व डीझेलवरील १० रु., तर मे २०२२ मध्ये अनुक्रमे ८ रु. व ६ रु. कमी केले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानेही मूल्यवर्धित करात कपात केली. मे २०२१ मध्ये डायअमोनियम फॉस्फेट खतावरील अनुदान गोणीमागे ५०० रुपयांवरून १,२०० रु. करण्यात आले. करकपातीचा लाभ प्रत्यक्ष इंधन विकत घेणाऱ्यास लगेच मिळतो. वेचणी करणाऱ्या मजुरापर्यंत तो भाडे व किराणा यांच्या किंमतींमधून आणि तोही अंशतःच पोहोचतो. म्हणून मंदीच्या काळातच कोळशाचा व खतांचा साठा करणे आणि हंगामाबाहेर सार्वजनिक कामांची तरतूद ठेवणे, हे उपाय केवळ दरकपातीपेक्षा अधिक टिकाऊ ठरतात.